पानशेतचे पाणी ओसरल्यानंतर पडलेले वाडे

नेनेघाट (धागाकर्ता)

पुण्याच्या शनिवार पेठेतील आमचा वाडा येत्या दिवाळीनंतर उतरवायचा आहे. करारावर सह्या झाल्या आहेत, पाच भाडेकरूंपैकी चौघांनी संमती दिली आहे आणि पाचव्यांशी बोलणे चालू आहे. माळ्यावरचे सामान आवरत असताना देवडीतल्या खांबावरची पुराच्या पाण्याची एक जुनी खूण पुन्हा डोळ्यांसमोर आली आणि तिच्यामुळेच हा धागा काढावासा वाटला. खुणेशेजारी आजोबांनी पांढऱ्या रंगाने ‘१२-७-६१’ असे लिहून ठेवले आहे. ही खूण देवडीच्या फरशीपासून साडेसात फुटांवर आहे, असे वडील नेहमी सांगत. परवा मी टेप लावून पाहिली, तर ती साडेपाच फुटांच्या थोडी वर भरली. खांब खचलेला नाही, फरशी वर आलेली आहे. रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर चढत गेला, पावसाचे पाणी दिंडीतून आत येऊ लागले, म्हणून देवडीत आणि चौकात दोनदा भर घातली गेली. खांबाखालचा दगडी तळखडा, ज्यावर बसून आम्ही लहानपणी शाळेची व्हॅन यायची वाट पाहत असू, तो आता जमिनीखाली आहे. रस्त्यावरून वाड्यात शिरायला पूर्वी चार पायऱ्या चढाव्या लागत, आता एक उतरावी लागते.

पुण्याच्या जुन्या पेठांविषयी लिहिताना पानशेतचा पूर ही एका दिवसात आली आणि गेली अशी आपत्ती म्हणून सांगितली जाते. १२ जुलै १९६१ च्या सकाळी आंबी नदीवरचे अपुऱ्या अवस्थेतले पानशेतचे मातीचे धरण फुटले, त्या लोंढ्याने दुपारपर्यंत १८७९ साली पूर्ण झालेले खडकवासल्याचे दगडी धरण मोडले, आणि मुठेच्या दोन्ही काठांवरची वस्ती पाण्याखाली गेली. रात्रीपर्यंत पाणी बरेचसे उतरलेही होते. हे सर्व खरे असले, तरी माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. पाण्याने पेठेत जे मोडले त्यापेक्षा अधिक त्यानंतरच्या साठ वर्षांतल्या निर्णयांनी मोडले आहे, आणि यातले बरेच निर्णय पूर कधी आलाच नव्हता अशा थाटात घेतले गेले आहेत.

पेठांची मूळ रचना पाहिली तर ती नदीला ओळखून केलेली दिसते. सर्वांत जुना कसबा उंचवट्यावर बसला. १७३० साली पाया घालून १७३२ मध्ये वास्तुशांत झालेला शनिवारवाडाही नदीपासून अंतर राखून आहे. प्रत्यक्ष काठावर आले ते घाट, ओंकारेश्वरासारखी भक्कम दगडी मंदिरे आणि स्मशान, म्हणजे पाणी आले तरी चालेल किंवा धुऊन निघेल अशाच गोष्टी. नानासाहेब पेशव्यांच्या काळात शहर वाढू लागले तेव्हा पेठांमधून वाहणारा आंबिल ओढा पर्वतीच्या पायथ्याशी बांध घालून पश्चिमेकडे वळवण्यात आला, आणि त्याच कामातून आजच्या सारसबागेतले तळे निर्माण झाले. थोरल्या माधवरावांच्या काळात सदाशिव आणि नारायण या पेठा वसल्या. तरीही घरांची जोती उंच असत, कारण मुठेला दर पावसाळ्यात पाणी येई आणि लोकांना ते माहीत असे.

आपल्यापैकी कोणाच्या घरात पुराच्या अशा खुणा आहेत का, पुरानंतर त्या वाड्यांचे पुढे काय झाले, आणि नव्या इमारतींत जोत्याच्या उंचीचा विचार कोणी केला का, हे जाणून घ्यायला आवडेल. केवळ हळहळ व्यक्त करण्यासाठी हा धागा नाही, एवढे आधीच सांगून ठेवतो.

खिळेजुळारी

आमच्याकडे खूण नाही, कारण खूण करावी अशी भिंतच शिल्लक राहिली नाही. नारायण पेठेत नदीच्या बाजूला माझ्या आजोबांचा छोटा छापखाना होता. दोन ट्रेडल (पायाने चालवायची) यंत्रे, खिळ्यांचे म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांचे दहा-बारा केस (खणांचे ट्रे) आणि बांधणीला निघालेल्या एका पुस्तकाचे छापून झालेले फर्मे, एवढाच तो संसार. त्या दिवशी लोक हाती लागेल ते घेऊन उंच भागाकडे पळाले. आजोबांनी काय उचलले, तर हिशेबाची वही आणि हस्तलिखिताची थप्पी.

पुढची गोष्ट मी आजीकडून अनेकदा ऐकली आहे. दोन दिवसांनी घरी गेले तेव्हा दारापासून आतपर्यंत गुडघाभर काळा गाळ साचलेला होता आणि केस उलटून सारे खिळे त्यात पसरले होते. कागदाची रिमे फुगून भिंतीला इतकी घट्ट चिकटली होती की ती फोडून काढावी लागली. घरातल्या बायका आणि जुळारी (खिळे जुळवणारे कामगार) अंगणात बसून गाळ चाळणीतून धूत, हाती आलेला एकेक शिशाचा खिळा फडक्याने पुसत आणि अक्षर ओळखून वेगळा ठेवत. काना, मात्रा आणि वेलांटीचे बारीक खिळे सर्वांत जास्त हरवले. पुढे वर्षभर त्या छापखान्यातून निघालेल्या पत्रिकांत दोन वेगळ्या वळणांची अक्षरे एकाच ओळीत दिसत, कारण हरवलेले खिळे दुसऱ्या छापखान्यातून उसने आणलेले होते.

नुकसानीचा पंचनामा करताना यंत्रे, फर्निचर आणि घर यांची नोंद झाली. खिळे किती होते हे कोणी विचारले नाही, आणि आजोबांनाही ते नेमके सांगता आले नसते.

पांढरीची माती

मी गेली पंचवीस वर्षे जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीचे काम करतो, म्हणून वाडे कसे पडतात याविषयी थोडे लिहितो. पुरात वाडे वाहून गेले असे सरसकट म्हटले जाते, पण बहुतेक ठिकाणी तसे घडत नाही. पेठेतल्या वाड्याचा भार लाकडी सांगाड्यावर असतो. दगडी जोते, त्यावर तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया आणि वर कडीपाट म्हणजे लाकडी छत असा तो सांगाडा उभा राहतो. खणांमधल्या भिंती पांढऱ्या मातीच्या किंवा मातीत बांधलेल्या विटांच्या, बऱ्याचदा दोन-अडीच फूट जाड असतात. पाणी चढते तेव्हा सांगाडा सहसा टिकतो, कारण लाकडे एकमेकांत सांध्यांनी अडकवलेली असतात.

खरी अडचण पाणी उतरल्यावर सुरू होते. पुराच्या पातळीपर्यंतची भिंत आतून ओली आणि वरची कोरडी अशी अवस्था होते. खालची माती मऊ पडते आणि वरच्या भागाचा भार तिला पेलवत नाही. त्यातच बाहेरचा गिलावा लवकर वाळतो आणि गाभा ओलाच राहतो, म्हणून भिंत मध्येच फुगते. त्यामुळे पुराच्या दिवशी उभा असलेला वाडा आठ-पंधरा दिवसांनी, कधी चांगले ऊन पडल्यावर, अचानक बसतो. धान्य साठवण्याची भिंतीतली बळदे असतील तर ती जागा सर्वांत कच्ची ठरते. अशा वेळी गाळ उपसण्याच्या घाईत भिंतीला लागून ठेवलेला ढिगारा एकदम काढणे धोक्याचे असते, कारण ढिगाऱ्याने तिला तात्पुरता आधार दिलेला असतो.

नेनेघाट, तुमच्या देवडीतल्या भरावाबद्दल एक गोष्ट जाता जाता सांगतो. तळखडा हा मुळात लाकूड जमिनीच्या ओलीपासून वर ठेवण्यासाठी असतो. तो पुरला गेला की खांबाचा बुंधा मातीत येतो आणि आतून कुजू लागतो. १९६१ च्या पाण्याने त्या खांबाचे जे केले नाही ते चाळीस वर्षांच्या भरावाने केले असण्याची शक्यता फार आहे. वाडा उतरवताना तो बुंधा पाहा, हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज येईल.

कागदपत्र

तांत्रिक माहिती उत्तम आहे, पण कायद्याचा भाग राहून गेला आहे आणि माझ्या मते तोच निर्णायक ठरला. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने पेठेतल्या वाड्यांची भाडी जुन्या दराला बांधून टाकली होती. पूर आला तेव्हा एकेका वाड्यात दहा-पंधरा बिऱ्हाडे दरमहा काही रुपये भाड्याने राहत होती. पडलेली भिंत बांधायला मालकाजवळ पैसा नव्हता, आणि भाडेकरूने स्वखर्चाने दुरुस्ती करावी तर उद्या जागेवर कोणाचा हक्क ठरेल हा प्रश्न होता. परिणामी पुरात अर्धवट सुटलेल्या कित्येक भिंती पत्रे ठोकून आणि टेकू देऊन पुढची वीस-तीस वर्षे तशाच राहिल्या. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा येईपर्यंत त्या वाड्यांचे आयुष्य संपलेले होते.

दुसरा मुद्दा शनिवारवाड्याचा. प्राचीन स्मारकांसंबंधीच्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार राष्ट्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. शनिवार आणि कसबा पेठेतली बरीच घरे या वर्तुळात येतात. स्मारकाचे रक्षण व्हायला हवे, याविषयी दुमत नाही. पण १८२८ च्या आगीत जळून केवळ तटबंदी, दरवाजे आणि जोती उरलेल्या वास्तूचा परिसर राखताना, त्याच काळातल्या ज्या वस्तीमुळे तो परिसर परिसर होता ती वस्ती पुनर्बांधणीअभावी ढासळत राहावी, हा विरोधाभास मला पटत नाही. नेनेघाट यांचा वाडा या वर्तुळाबाहेर असावा, म्हणून त्यांना करार तरी करता आला.

नेनेघाट

कागदपत्र, आपला अंदाज बरोबर आहे, आम्ही थोडक्यात बाहेर आहोत. गल्लीच्या पलीकडची दोन घरे मात्र आत आहेत, आणि त्यातल्या एका घराच्या माडीवर गेली सात वर्षे कोणी पाऊल ठेवलेले नाही.

सहकारनगरवाली

या चर्चेत पेठ सोडून गेलेल्यांचीही बाजू यावी, म्हणून लिहिते. माझे सासर मूळचे पुलाच्या वाडीजवळचे. पुरात घर गेल्यावर कुटुंबाने आधी नातेवाइकांकडे आणि मग अर्धगोल पत्र्याच्या निसन हटमध्ये दिवस काढले. पुण्याचे पाणी खडकवासल्यावरून येत असल्यामुळे धरण फुटल्यावर शहरात प्यायला पाणी नव्हते. तेव्हा कात्रजच्या नळाचे पेशवेकालीन हौद आणि वाड्यांमधल्या बंद केलेल्या विहिरी उपसून वापरात आणल्या गेल्या. ज्या आडाला नवे नळ आल्यावर झाकण ठोकले होते, त्याच आडाने आठवडाभर आळी जगवली, असे सासूबाई सांगत.

त्यानंतर शासनाने पूरग्रस्तांसाठी शहराच्या कडेला जमिनी दिल्या, पूरग्रस्तांच्या शंभरावर सहकारी गृहरचना संस्था उभ्या राहिल्या, आणि गोखलेनगर, सहकारनगर, पर्वतीभोवतीचा परिसर यांची वाढ झाली. पेठेतली तरुण पिढी याच काळात बाहेर पडली. पेठेचे रिकामे होणे हे मोटारी आणि आयटीच्या काळात सुरू झाले असे बोलले जाते, ते मला चुकीचे वाटते, कारण त्याची सुरुवात १९६१ च्या पावसाळ्यातच झाली होती.

आता यातली विसंगती पाहा. मुठेच्या पुरातून उठून आम्ही जिथे आलो तिथून आंबिल ओढा वाहतो, तोच ओढा जो पेठेला त्रास नको म्हणून पेशव्यांनी वळवला होता. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूला मुसळधार पाऊस झाला आणि ओढ्याच्या काठावरच्या टांगेवाला कॉलनीत, अरण्येश्वर आणि सहकारनगर परिसरात पाणी घुसले. वीसहून अधिक माणसे त्या रात्रीच्या पुरात गेली. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर राहणाऱ्या एका आजोबांनी दोन्ही पूर पाहिले होते. ‘त्या वेळी पाणी दुपारी आले, पळायला उजेड तरी होता,’ एवढेच ते म्हणाले. ओढ्याचे पात्र भिंतींनी आवळलेले, त्यावर कल्व्हर्ट, कल्व्हर्टमध्ये अडकलेला कचरा आणि काठाला लागून घरे, असा सगळा प्रकार होता. जागा बदलली, पण पाण्याला वाट कमी ठेवण्याची सवय आम्ही सोबत घेऊन आलो.

प्रवाह

पाण्याच्या आकड्यांविषयी काही लिहिणे आवश्यक वाटते, कारण १९६१ चा पूर आणि आजचे पूर एकाच तागडीत तोलले जात आहेत. १९६१ चा लोंढा धरण फुटल्यामुळे आला. त्या वर्षी ठरलेल्या मुदतीच्या आधीच पाणी साठवण्याची घाई झाली, मातीच्या भरावातून जाणाऱ्या विमोचक (पाणी बाहेर सोडायच्या) नळाचे काम अपुरे होते आणि त्या बाजूनेच भराव खचला. रात्रभर जवान वाळूची पोती रचत होते, तरी ते धरण वाचले नाही. चौकशी आयोगाचे काम न्यायमूर्ती बावडेकर यांच्या मृत्यूनंतर न्यायमूर्ती नाईक यांनी पूर्ण केले. असा लोंढा पूररेषेच्या कोणत्याही नकाशात बसत नाही, आणि बसवण्याची अपेक्षाही नाही.

आजच्या पूररेषांपैकी निळी रेषा खडकवासल्यातून ६० हजार क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट पाणी) आणि लाल रेषा एक लाख क्युसेक विसर्ग धरून आखलेली आहे. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम होऊ नये आणि निळ्या व लाल रेषांच्या मधल्या पट्ट्यात जोते पूरपातळीच्या वर घ्यावे, असे त्यामागचे तत्त्व आहे. खडकवासला हे साखळीतले सर्वांत खालचे धरण आहे आणि त्याची क्षमता केवळ १.९७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, तर वरच्या बाजूच्या पानशेतची १०.६५, वरसगावची १२.८२ आणि टेमघरची ३.७१ टीएमसी. म्हणजे वरून येणारे पाणी थोपवून धरण्याची ताकद त्या शेवटच्या धरणात जवळपास नाही. ते भरलेले असताना पाऊस पडला की आलेले पाणी खाली सोडावेच लागते. २५ जुलै २०२४ रोजी विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या आसपास होता, म्हणजे निळ्या रेषेच्या आकड्यापेक्षा बराच कमी. तरीही सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत इमारतींच्या तळमजल्यांत पाणी शिरले. खालच्या ओढ्यांचे पाणी त्यात मिळाले हे खरे, पण पात्रात टाकलेला राडारोडा, भराव आणि काठाचे आकुंचन यांचाही हिशेब मांडला पाहिजे. रेषा आखली त्या वेळचे पात्र आणि आजचे पात्र एकच आहे, असे गृहीत धरता येत नाही.

पेठेपुरते बोलायचे तर नदीपात्रातला रस्ता, भिडे पूल, पात्रातून गेलेले मेट्रोचे खांब आणि आता ४४ किलोमीटर लांबीचा नदीकाठ सुधारणेचा प्रकल्प, ही सर्व कामे त्याच मुठेच्या अरुंद भागात एकावर एक आली आहेत. यातल्या प्रत्येक कामाने पातळी किती वाढेल याचा अभ्यास स्वतंत्रपणे झाला असेलही. सगळी मिळून किती वाढेल, हा प्रश्न काठावर राहणाऱ्याने विचारलाच पाहिजे.

पांढरीची माती

प्रवाह यांच्याशी मी सहमत आहे, फक्त मेट्रोच्या खांबांना एवढे दोषी धरणे मला पटत नाही. खांबाची रुंदी मोजता येते आणि पाणी त्याला वळसा घालते. राडारोड्याचा भराव रात्रीतून होतो आणि तो कोणत्याही नकाशावर दिसत नाही. नदीकडेच्या गल्ल्यांत वाडे उतरवताना निघालेली माती कुठे जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे. ट्रॅक्टर रात्री निघतो आणि तासाभरात रिकामा परत येतो. वाड्याच्या भिंतीच शेवटी नदीच्या पात्रात जाऊन पडतात, हे लिहितानाही लाज वाटते, कारण अशा काही कामांवर मीही होतो.

खिळेजुळारी

हे प्रांजळपणे लिहिल्याबद्दल आभार. नेनेघाट, आपल्या करारात माती कुठे टाकायची याचा उल्लेख आहे का?

नेनेघाट

नव्हता. हा धागा वाचून काल बिल्डरच्या वास्तुविशारदांना भेटलो आणि दोन प्रश्न विचारले. पहिला मातीचा. राडारोडा महापालिकेने नेमून दिलेल्या जागीच जाईल आणि प्रत्येक खेपेची पावती आम्हाला मिळेल, असे कलम पुरवणी करारात घालायचे ठरले. दुसरा प्रश्न जोत्याचा होता. नकाशात तळाला पार्किंग आणि रस्त्याच्या बाजूने दोन दुकाने आहेत. दुकानांचे जोते रस्त्यापासून दीड फूट दाखवले आहे. हा दीड फूट आजच्या रस्त्यापासून मोजायचा की पुढच्या पंधरा वर्षांत तो जिथे चढेल तिथपासून, असे मी विचारले, तेव्हा ते क्षणभर थांबले आणि मग म्हणाले की नियमात ‘सध्याचा रस्ता’ असेच आहे. विजेचे मीटर आणि पंप तळाला आहेत, ते तरी पहिल्या मजल्यावर न्यावेत, असा आग्रह मी धरला. त्यासाठी एका दुकानाची थोडी जागा जिन्याला द्यावी लागेल, म्हणून उत्तर अजून आलेले नाही.

पांढरीची माती, तुम्ही सांगितल्याप्रमाणे आज सकाळी सुताराला घेऊन देवडीतला खांब ठोकून पाहिला. तळापासून हातभर आवाज पोकळ आहे, वरचे सागवान मात्र घट्ट आहे. सुताराच्या मते कुजलेला भाग कापून उरलेला खांब जिन्याच्या तोंडाशी उभा करता येईल. फक्त मग ‘१२-७-६१’ ची खूण आणखी खाली येईल. ती मूळ पातळीवर ठेवायची तर खांबाखाली सुमारे साडेतीन फुटांचा दगडी चौथरा बांधावा लागतो, आणि तळखडा उकरून वर काढून त्याच चौथऱ्यावर बसवावा असे मी त्याला सांगितले आहे. जुन्या फरशीची पातळी कोणती धरायची यासाठी चौकाच्या कोपऱ्यात उद्या दोन माणसे लावून भराव खणायचा आहे.